वारा पडल्यावर

डिसेंबर-जानेवारीत मुंबई बंदरातल्या वाऱ्याचे वेळापत्रक जवळजवळ ठरलेले असते. पहाटे जमिनीवरून मतलई सुटतो, ऊन चढू लागले की तो विरत जातो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा धरेपर्यंत मधला तास-दोन तास पाण्यावर सुरकुतीही नसते. संध्याकाळी पुन्हा तेच. सूर्य बुडाला की पश्चिमेचा वारा ढिला होतो आणि अलिबागच्या बाजूने मुंबईकडे परतणारी शिडाची होडी थळ-खांदेरीच्या आसपास जागच्या जागी डुलू लागते. त्याच वेळी ओहोटी लागलेली असेल तर ती जागच्या जागीही राहत नाही, मागे जाते. मोठ्या उधाणाला इथे भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या पुढे जातो आणि पाण्याची ओढ दोन-तीन नॉटपर्यंत पोहोचते, म्हणजे तासाला चार-साडेपाच किलोमीटर. शीड लोंबते आहे, अंधार पडतो आहे, आणि मोठ्या जहाजांची खोल वाट समोर आहे. ती जहाजे वाटेत थांबू शकत नाहीत आणि त्या अरुंद वाटेबाहेर वळूही शकत नाहीत.

छोट्या शिडाच्या होडीला इंजिन लागते ते या तासासाठी. जेट्टीला लागताना, नांगर सुटलाच तर दगडांपासून दूर जाताना, खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावरून आत शिरताना लागते, तेही याच जातीचे काम. तिथे वेगाचा प्रश्नच नसतो. दीड-दोन टनांची होडी समोरून येणाऱ्या वाऱ्यात आणि पाण्यात हळू पण नक्की पुढे सरकली पाहिजे, आणि सांगितल्यावर थांबली पाहिजे. इंजिन निवडताना बहुतेक जण इथेच चुकीच्या रस्त्याला लागतात. ते हॉर्सपॉवरचा आकडा विचारतात. विचारायला हवा तो रेटा, आणि तो रेटा कोण, कुठून, किती वेळ देणार हे.

ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही कोकण किनाऱ्याला जुनाच. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गुराबे शिडांवर चालत, पण त्यांच्या जोडीच्या गलबतांना शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की गलबते गुराबांना दोराने ओढून हव्या त्या कोनात आणून उभी करत, आणि इंग्रजांचे जड जहाज समोर हतबल होऊन पडलेले असे. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गलबताचा वल्ह्यांवरचा वेग तासाला चार मैल सांगितला आहे. आजच्या बावीस-चोवीस फुटी होडीच्या मालकाला पडलेल्या वाऱ्यात याहून फारसे जास्त लागत नाही.

होडीच्या मागच्या फळीला अडकवायचे, हाताने उचलून घरी नेता येईल असे इंजिन बाजारात रुळवले ते नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड याने. १९०९ साली मिलवॉकीत त्याने दीड हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड विकायला काढले. (त्याच्या नावाच्या आउटबोर्डचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले.) पण शिडाच्या होडीवाल्यांच्या मनात घर केले ते १९३१ पासून इंग्लंडमध्ये बनू लागलेल्या ब्रिटिश सीगलने. दिसायला ओबडधोबड, आवाज मोठा, तेल गळणारे. तरी पंखा मोठा, गिअर संथ, आणि सगळी रचना जड होडी हळू ढकलण्यासाठी केलेली. आजची बहुतेक छोटी आउटबोर्ड त्या विचाराने केलेली नाहीत. ती हलक्या रबरी होडीला पाण्यावर पळवण्यासाठी केलेली आहेत, आणि तीच शिडाच्या होडीला लावली जातात.

आता होडी किती मोठी याकडे येऊ. लांबी इथे फसवते. अमेरिकेत १९६९ पासून पंधरा हजारांहून अधिक संख्येने बनलेली कॅटालिना २२ घ्या. बावीस फुटी होडी, वजन साधारण एक टन. तिच्या शेजारी फ्लिका २० ठेवा. ती वीस फुटी, म्हणजे दोन फूट आखूड, पण समुद्र ओलांडण्यासाठी बांधलेली, आणि वजन अडीच टनांच्या घरात. पहिलीला चार-पाच हॉर्सपॉवर पुरते, दुसरीला आठ-दहाच्या खाली जाऊ नये. जुना ठोकताळा असा की भरलेल्या होडीच्या टनामागे चार हॉर्सपॉवर. ‘भरलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा. कंपनीच्या कागदावरचे वजन कोरड्या, रिकाम्या होडीचे असते. त्यात चार माणसे, पाण्याचे कॅन, नांगर, साखळी, बॅटरी आणि आठवड्याचा शिधा टाकला की छोट्या होडीवर तीनशे-चारशे किलो सहज चढतात.

मुंबईकरांना डोळ्यांनी पाहता येईल असे उदाहरण म्हणजे जे/२४. गेटवेसमोर हंगामात मुरिंगवर डुलणाऱ्या होड्यांत ही दिसते. रॉड जॉनस्टनने १९७० च्या दशकात आखलेली, चोवीस फुटी, वजन सुमारे १,४०० किलो, पाण्याला टेकणारी लांबी वीस फूट. अशा जड तळाच्या होडीला वेगाची एक हद्द असते. पाण्यावरच्या लांबीचे फुटांतले वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की ती हद्द नॉटमध्ये मिळते. वीस फुटांना ती सहा नॉटच्या आत-बाहेर येते. त्या वेगाला होडी स्वतःच्याच नाळेने, म्हणजे पुढच्या टोकाने, उठवलेल्या लाटेच्या खळग्यात बसते आणि पुढे चढायला प्रचंड ताकद मागते. पाच नॉटवरून सहावर जायला जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. मग त्या होडीला पंधरा हॉर्सपॉवर लावले तर काय होते? आवाज होतो, पेट्रोल जळते, मागची बाजू खाली बसते. वेग तोच राहतो.

यावरून कोणी दोन-अडीच हॉर्सपॉवरचे तेरा-चौदा किलोचे इंजिन घ्यायला निघाला तर त्यालाही थांबवायला हवे. सपाट पाण्यात ते जे/२४ ला चार नॉटने नेईल. समोरून अडीच नॉटची ओहोटी आली की किनाऱ्याच्या हिशोबाने उरतो दीड नॉट. त्यात समोरून वारा वाढून छोटी, तुटक लाट उठली की दीडचा शून्य होतो. शिवाय या आकारात बरेचदा रिव्हर्स गिअर नसतो. इंजिनच उलटे फिरवून मागे यावे लागते. जेट्टीला लागताना, एका हातात सुकाणू असताना, हे करून पाहिलेला माणूस पुढचे इंजिन रिव्हर्सचेच घेतो.

सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा भाग म्हणजे पंखा. त्यावर दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंख्याने पाणी चिरत किती पुढे जायला हवे ते अंतर. सहा हॉर्सपॉवरचे एक इंजिन घेऊ. मिनिटाला ५,५०० फेरे, आणि गिअर असा की इंजिनाच्या २.१५ फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा. म्हणजे पंखा मिनिटाला साधारण २,५५० वेळा फिरतो. त्याला आठ इंची पिच असेल तर गणिताने तो सोळा-सतरा नॉटच्या वेगासाठी बनवलेला ठरतो. आपली होडी जाणार पाचने. त्या पंख्याला शिडाच्या होडीमागे पाणी नीट पकडताच येत नाही. इंजिन आपल्या फेऱ्यांना पोहोचत नाही, हाफत राहते, आणि छापील सहा हॉर्सपॉवर कधीच पाण्यात उतरत नाहीत. तेच इंजिन सहा इंची पिचच्या, रुंद पात्यांच्या पंख्याने चालवले की फरक पहिल्याच वळणावर कळतो. बहुतेक कंपन्या असा जास्त रेट्याचा पंखा वेगळा विकतात, पण दुकानदार आपणहून देत नाही. मागावा लागतो. इंजिनाच्या किमतीच्या मानाने तो स्वस्त, आणि माझ्या मते चार हॉर्सपॉवर अधिक घेण्यापेक्षा त्याच पैशात हा पंखा घेणे कितीतरी शहाणपणाचे.

थांबण्याचाही प्रश्न याच पंख्याशी बांधलेला आहे. आउटबोर्डचा धूर पंख्याच्या मधल्या पोकळीतून पाण्याखाली सोडतात. पुढे जाताना तो मागे निघून जातो. रिव्हर्स टाकला की पंखा स्वतःच सोडलेल्या बुडबुड्यांत फिरतो आणि बुडबुड्यांना रेटता येत नाही. यामाहाच्या शिडाच्या होडीसाठी बनवलेल्या जास्त रेट्याच्या मॉडेलांत हा धूर रिव्हर्समध्ये पात्यांपासून बाजूला वळवण्याची सोय केलेली असते. दीड टनाची होडी दगडी धक्क्याकडे सरकत असताना ही सोय काय मोलाची आहे ते वेगळे सांगायला नको.

शाफ्टची लांबी तीन प्रकारची मिळते, १५, २० आणि २५ इंच. रबरी होडीला १५ पुरते. शिडाच्या होडीची मागची फळी उंच असते आणि होडी लाटेवर पुढेमागे डुलते. कोणी शीड आवरायला नाळेकडे गेला की मागची बाजू उचलली जाते, पंखा पाण्याबाहेर येतो, इंजिन किंचाळते आणि नेमक्या त्या क्षणी रेटा शून्य. म्हणून २५ इंच. होडीवर आधीपासून इंजिन टांगायची, खालीवर होणारी कंस-पट्टी असेल तर २० मध्ये भागते, पण ती पट्टी किती किलोंसाठी बनली आहे ते आधी वाचावे. जुन्या पट्ट्या हलक्या टू-स्ट्रोकच्या काळातल्या असतात आणि आजचे फोर-स्ट्रोक त्यांना झेपत नाहीत.

वजनाचा विषय निघालाच आहे तर बाजारातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. तोहात्सूच्या ४, ५ आणि ६ हॉर्सपॉवरच्या फोर-स्ट्रोकमध्ये एकच १२३ सीसीचे, एका सिलिंडरचे इंजिन असते. सुझुकीचीही या आकारातली तीन मॉडेले १३८ सीसीच्या एकाच इंजिनावर उभी आहेत. म्हणजे चारचे घेतले तरी तुम्ही पंचवीस किलोच्या आसपासच उचलणार आणि सहाचे घेतले तरी तेवढेच. चारचे घेऊन वजन वाचत नाही. सहाच्या वर मात्र उडी मोठी आहे. आठ-दहा हॉर्सपॉवरला दोन सिलिंडर येतात आणि वजन चाळीस किलोच्या घरात जाते. चाळीस किलो होडीच्या अगदी टोकाला, पाण्यापासून वर, कायमचे टांगलेले. छोटी होडी त्याने मागे बसते, शिडावरची चाल बिघडते, आणि हंगाम संपल्यावर ते इंजिन एका माणसाला डिंगीत उतरवता येत नाही. होडी अडीच टनांची असेल तर हा भार घ्यावाच लागतो. दीड टनाच्या होडीने तो घेऊ नये.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा वाद आता फारसा उरलेला नाही. टू-स्ट्रोक हलके, साधे, कुठेही दुरुस्त होणारे. पण जुन्या पद्धतीच्या कार्बुरेटरच्या टू-स्ट्रोकमधून पाव हिस्सा इंधन न जळताच पाण्यात जाते. ज्या खाडीत आपण पोहतो आणि ज्या खाडीतली कालवे खातो तिथे हे करणे मला मान्य नाही.

ससून डॉकच्या परिसरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री एका आउटबोर्डचा कार्बुरेटर उघडून बसले होते. पावसाळ्यानंतर इंजिन चालूच होत नाही, ही मालकाची तक्रार. खालची वाटी सुटली तेव्हा तिच्या तळाशी पांढुरका गाळ आणि पिवळट चिकट थर होता. पितळी जेट त्यांनी उजेडाकडे धरला. त्याचे भोक केसाएवढे, आणि त्यातून उजेड आला नाही. कॉम्प्रेसरची हवा मारली, बारीक तार फिरवली, पुन्हा धरला, तेव्हा उजेडाचा ठिपका दिसला. मग त्यांनी शाफ्टचा खालचा भाग सोडवून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर काढला. त्याची पाती महिनोन्महिने एकाच बाजूला वाकून बसल्याने तशीच राहिली होती. पाणी खेचायला लागणारा उलटा ताण त्यांत उरला नव्हता. असे इंजिन सुरू झाले असते तरी काही मिनिटांत तापून अडकले असते. त्यांच्याकडे येणाऱ्या आउटबोर्डांत मोडलेली थोडी आणि अशी पडून राहिलेली जास्त, असे ते म्हणाले.

पडून राहिलेल्या पेट्रोलचा प्रश्न आता आणखी तीव्र झाला आहे. भारतात २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्यात आले. इथेनॉल हवेतली ओल शोषते. बंदरावरच्या दमट हवेत, हवा आत-बाहेर होणाऱ्या टाकीत, ते हळूहळू पाणी धरत जाते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीतून इंधन खेचणारी नळी तळालाच असते. छोट्या आउटबोर्डांच्या अनेक पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के छापलेली आहे. म्हणून नवे इंजिन घेण्याआधी ही मर्यादा लेखी विचारून घ्या आणि नळीचे रबर २० टक्क्यांना टिकते का तेही. पाणी वेगळे करणारा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये बसवा. होडी मुरिंगवर सोडून जाताना इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बुरेटरची वाटी बरीचशी रिकामी होते; पावसाळ्यासाठी ठेवताना वाटीचा स्क्रू सोडून उरलेला थेंबही काढा. मे महिन्याचे पेट्रोल ऑक्टोबरसाठी ठेवू नका. ते आधीच संपवा.

इंधनाचा हिशोबही एकदा करून पाहावा. दहा सागरी मैलांची एक सफर धरू. पाच नॉटने दोन तास. सहा हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक या चालीला तासाला सुमारे दीड लिटर पेट्रोल घेते, म्हणजे तीन लिटर. दोन नॉटची ओढ विरुद्ध असेल तर तीन तास वीस मिनिटे आणि पाच लिटर. इंजिनाच्या डोक्यावरच्या टाकीत जेमतेम लिटरभर मावते, आणि हलत्या होडीवर वाकून तीत पेट्रोल ओतणे हा मी पाहिलेल्या धोकादायक प्रकारांपैकी एक आहे. म्हणून १२ लिटरची वेगळी टाकी हवीच. ती उघड्यावर किंवा बाहेरच्या बाजूला छिद्रे असलेल्या कप्प्यात ठेवावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती केबिनमध्ये उतरली की तळाशी साचते आणि चहाच्या स्टोव्हची एक ठिणगी पुरते.

यावर विजेचे आउटबोर्ड हे उत्तर आहे का? जर्मनीत २००५ मध्ये सुरू झालेल्या टॉर्कीडोने हा बाजार उभा केला, आणि २०२४ मध्ये यामाहाने ती कंपनी विकत घेतली. यावरून मोठ्या कंपन्यांचा कल कळतो. ना कार्बुरेटर, ना इथेनॉल, ना धूर, आणि संथ फिरणारा मोठा पंखा, म्हणजे शिडाच्या होडीला हवे तेच. अडते ते बॅटरीपाशी. एक किलोवॉटच्या प्रचलित मॉडेलची बॅटरी सव्वा किलोवॉट-तासाच्या आसपास असते. पूर्ण जोर लावला तर सव्वा तासात संपते आणि जे/२४ सारख्या होडीला तेवढ्यात पाचेक मैल नेते. दहा मैलांच्या त्या सफरीच्या अर्ध्या वाटेवर. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ किलोवॉट-तास ऊर्जा असते; इंजिन त्यातली बरीच वाया घालवते, तरी दहा लिटरच्या कॅनशी ही बॅटरी बरोबरी करू शकत नाही. पवना किंवा खडकवासल्याच्या धरणावर, जिथे काठ कायम दिसतो आणि ओहोटी नसते, तिथे मी आज विजेचेच घेईन. खांदेरीपाशी नाही.

बसवल्यानंतरचे एक वेगळेपण नव्या मालकाने आधीच समजून घ्यावे. आत बसवलेल्या इंजिनाचा पंखा सुकाणूच्या पुढे असतो, त्याचे पाणी सुकाणूवर आदळते आणि होडी जागच्या जागी वळते. आउटबोर्ड सुकाणूच्या शेजारी किंवा मागे असते. कमी वेगात सुकाणू जवळजवळ निकामी असते आणि वळायला इंजिनच फिरवावे लागते. ते सुकाणूला धडकत नाही ना, हे धक्क्याला बांधलेले असतानाच, दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला असावी. वापर नसताना शाफ्ट पाण्याबाहेर उचलावा, नाहीतर जस्ताचा तुकडा आधी आणि ॲल्युमिनियमचे आवरण नंतर खाऱ्या पाण्यात जाते. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत ते दहा मिनिटे चालवावे. चालू असताना बाजूच्या भोकातून बारीक धार पडत राहिली पाहिजे. धार थांबली की इंजिन थांबवायचे, मग समोर काहीही असो, शीड वर चढवायचे किंवा नांगर टाकायचा.

राहता राहिली कंपनी. जपानी चौघी, यामाहा, सुझुकी, होंडा, तोहात्सू, या आकारात चांगलीच इंजिने करतात, आणि मर्क्युरीची छोटी फोर-स्ट्रोक बरीच वर्षे तोहात्सूकडूनच बनून आलेली आहेत. खरा फरक बंदरावर पडतो. मुंबई-रायगडच्या कोळीवाड्यांत मासेमारीची नौका म्हणजे बहुधा आत बसवलेले डिझेल इंजिन. ती किती सिलिंडरची यावरून तिचा आकार सांगतात. त्या डिझेलची नस न् नस माहीत असलेले मिस्त्री प्रत्येक बंदरावर आहेत. छोट्या पेट्रोल आउटबोर्डचे तसे नाही. मालवण-तारकर्लीकडे फायबरच्या छोट्या होड्यांना आउटबोर्ड रुळले आहे, तिथे सुटा भाग मिळतो. मधल्या कितीतरी खाड्यांत मिळत नाही, आणि धक्क्यावरचा पंपही बहुधा डिझेलचा, पेट्रोल गावातून कॅनने आणावे लागते. म्हणून होडीत कायम असावेत: एक जादा इम्पेलर, दोन स्पार्क प्लग, कार्बुरेटरचा किट, पंख्याची कातर-पिन आणि सुरू करायची दोरी.

कोकण किनाऱ्यावर दीड टनापर्यंतची शिडाची होडी चालवणाऱ्याला माझे सांगणे एवढेच: एका सिलिंडरचे सहा हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक, २५ इंची शाफ्ट, सहा पिचचा पंखा, नीट रिव्हर्स, १२ लिटरची वेगळी टाकी. होडी दोन टनांच्या पुढे असेल तर दोन सिलिंडरचे जास्त रेट्याचे ९.९ हॉर्सपॉवरचे, आणि कंस-पट्टी नवी. कंपनी कोणती घ्यावी हे दुकानात ठरवू नका. आधी तुमच्या बंदरावरच्या मिस्त्रींकडे जा आणि ज्या इंजिनाचा इम्पेलर त्यांच्या कपाटात आज ठेवलेला आहे ते घ्या.